थंडरबर्डमध्ये पत्ता बदलला, तरी सभासदांना पत्र जुन्याच पत्त्यावरून मिळते

वाचनालय_कार्यवाह

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाहपद अलीकडेच माझ्याकडे आले. वाचनालयाचा सारा ईमेल-व्यवहार कार्यालयातील एकाच संगणकावर, विंडोजवर बसवलेल्या थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममधून चालतो. आधीचे कार्यवाह त्यांच्या खासगी जीमेल पत्त्यावरून सभासदांना पत्रे पाठवीत असत. नव्या कार्यकारिणीने वाचनालयाच्या नावाचे डोमेन घेतले, त्यावर कार्यालयाचा स्वतंत्र पत्ता तयार करवून घेतला आणि थंडरबर्डमध्ये त्याचे नवे खाते जोडले. जुने खाते आम्ही काढून टाकले आहे. नव्या पत्त्यावर आलेली पत्रे व्यवस्थित मिळतात. अडचण जाणाऱ्या पत्रांची आहे.

आमच्या सेंट पेटीत प्रत्येक पत्रावर प्रेषक म्हणून नवा पत्ता दिसतो. सभासदांना मात्र तेच पत्र माजी कार्यवाहांच्या खासगी पत्त्यावरून आल्याचे दिसते, आणि त्यांची उत्तरेही त्यांच्याकडेच जातात. ते गृहस्थ सौजन्याने ती आमच्याकडे पुढे पाठवतात, पण हे किती काळ चालणार? शिवाय पत्ता टाइप करताना काही सभासदांचे बंद पडलेले जुने पत्तेच आधी सुचवले जातात, आणि सर्वांना एकदम पत्र पाठवू गेले की एखाद्या पत्त्यावर तक्रार येऊन सगळे पत्रच अडते. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सर्व सभासदांपर्यंत वेळेत आणि वाचनालयाच्याच नावाने पोचणे आवश्यक आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यपठार

आपण तीन वेगळ्या तक्रारी एकत्र मांडल्या आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी असण्याची शक्यता आहे, त्यामुळे त्या एकेक करून सोडवू. प्रथम जाणाऱ्या पत्राचा पत्ता पाहू, कारण बाकी सर्व त्यावर अवलंबून आहे.

वाचनालयाच्या संगणकावरून स्वतःच्या एखाद्या वेगळ्या पत्त्यावर चाचणीचे पत्र पाठवा. ते जिथे पोचेल तिथे त्याचा मूळ मजकूर उघडा. जीमेलमध्ये पत्राच्या मेन्यूत ‘शो ओरिजिनल’ असा पर्याय असतो. थंडरबर्डमध्ये पत्र निवडून कंट्रोल आणि यू या कळा एकदम दाबल्या की तोच मजकूर दिसतो. त्यात फ्रॉम (प्रेषक), रिप्लाय-टू (उत्तर जिथे जावे तो पत्ता) आणि रिटर्न-पाथ (न पोचलेले पत्र जिथे परत जाते तो पत्ता) या तीन ओळी शोधा आणि ‘एक्स-गूगल-ओरिजिनल-फ्रॉम’ नावाची ओळ आहे का तेही पाहा. सेंट पेटीतील प्रत तपासून उपयोग नाही. ती प्रत थंडरबर्ड स्वतः जपून ठेवतो, आणि सर्व्हरने वाटेत केलेला बदल तिच्यात उमटत नाही.

रानजाई

आमच्या भिशी मंडळाच्या संगणकावरही हेच घडते आहे. उत्तरांची वाट पाहते.

मुक्ता_ग

माझे मत थोडे वेगळे आहे. आता प्रत्येक डोमेनसोबत ब्राउझरमध्ये उघडणारे वेबमेल मिळते, तर संगणकावर वेगळा प्रोग्रॅम कशाला हवा? ब्राउझरमधून थेट लॉगिन करून पत्र पाठवले की ज्या खात्यात आपण बसलो आहोत त्याच पत्त्यावरून ते जाते, आणि ही अडचणच उद्भवत नाही.

वाचनालय_कार्यवाह

मुक्ताताई, आपला मुद्दा योग्य आहे आणि कार्यकारिणीतही तो निघाला होता. परंतु वर्गणीची, पुस्तक-मागणीची आणि दिवाळी अंक योजनेची अनेक वर्षांची पत्रे या संगणकावर वर्षवार फोल्डर करून लावलेली आहेत आणि इंटरनेट बंद असतानाही ती शोधता येतात. आमच्याकडे पावसाळ्यात जोडणी वारंवार खंडित होते, आणि अशा वेळी ग्रंथपालबाई उत्तरे लिहून ठेवतात व जोडणी आली की ती पाठवतात. ही सोय आम्हाला सोडायची नाही.

सह्यपठार, आपण सांगितल्याप्रमाणे मूळ मजकूर पाहिला. फ्रॉम आणि रिटर्न-पाथ या दोन्ही ओळींत माजी कार्यवाहांचा जीमेल पत्ता आहे. रिप्लाय-टू ही ओळ नाही. ‘एक्स-गूगल-ओरिजिनल-फ्रॉम’ मात्र आहे आणि तिच्यापुढे आमचा नवा पत्ता आहे. आणखी एक गोष्ट सांगायला हवी: माजी कार्यवाहांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की वाचनालयाची पत्रे त्यांना त्यांच्या स्वतःच्या जीमेलच्या सेंट विभागातही दिसतात. हे ऐकून आम्ही चकित झालो.

सह्यपठार

ही शेवटची माहिती निर्णायक आहे. आपली पत्रे आजही माजी कार्यवाहांच्या खात्यातूनच बाहेर पडत आहेत, आणि म्हणूनच जीमेल त्यांची प्रत त्यांच्या सेंट विभागात ठेवते.

हे नीट समजण्यासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. डेस्कटॉपवरील मेल प्रोग्रॅममध्ये आपण ज्याला ‘माझा पत्ता’ म्हणतो तो एका जागी नसून अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिलेला असतो, आणि एका जागी बदल केला म्हणून दुसरीकडचा आपोआप बदलत नाही. खात्याच्या पहिल्या पानावर नाव आणि पत्ता लिहितो ती आयडेंटिटी, म्हणजे पत्राच्या माथ्यावर छापला जाणारा मजकूर. सर्व्हर सेटिंग्जमधील युजरनेम हे आलेले टपाल उतरवून घेण्यासाठी असते. टपाल बाहेर पाठवणारा एसएमटीपी सर्व्हर मात्र थंडरबर्डमध्ये कोणत्याही एका खात्याच्या पोटात नसतो. डाव्या स्तंभात सर्व खात्यांच्या खाली ‘आउटगोइंग सर्व्हर’ अशी त्याची वेगळी यादी असते आणि त्याचे स्वतःचे युजरनेम असते. एखादे खाते काढले तरी त्याचा पाठवणीचा सर्व्हर यादीत राहू शकतो, विशेषतः दुसरे एखादे खाते तो वापरत असेल तर.

आपल्याकडे तेच झाले आहे. नवे खाते टपाल उतरवते नव्या सर्व्हरवरून आणि पाठवते जुन्या जीमेल सर्व्हरमधून. जीमेलच्या एसएमटीपीचा नियम असा आहे की ज्या खात्याने लॉगिन केले आहे त्या खात्याचा, किंवा त्या खात्यात आधी पडताळणी करून नोंदवलेला पत्ताच प्रेषक म्हणून चालतो. तिसराच पत्ता दिसला तर जीमेल तो बदलून लॉगिन केलेला पत्ता घालते आणि मूळ पत्ता त्या ‘ओरिजिनल-फ्रॉम’ ओळीत नोंदवून ठेवते. कोणी कोणाच्याही नावाने पत्र पाठवू नये यासाठी हे आवश्यकच आहे. अडचण एवढीच की त्यात चूक झाल्याचा कोणताही संदेश पाठवणाऱ्याला मिळत नाही.

उपाय: अकाउंट सेटिंग्ज उघडा, नव्या खात्याच्या नावावर टिचकी मारा, आणि त्या पानाच्या तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ असा जो ड्रॉपडाउन आहे त्यात कोणता सर्व्हर निवडला आहे ते पाहा. बहुधा तिथे जीमेल असेल. यादीत आपल्या डोमेनचा सर्व्हर नव्याने जोडा, तो इथे निवडा आणि त्यालाच डीफॉल्ट करा. शेजारच्या ‘मॅनेज आयडेंटिटीज’ या बटणाखाली आणखी एखादी आयडेंटिटी असेल तर तिलाही स्वतंत्र सर्व्हर आणि स्वतंत्र रिप्लाय-टू पत्ता असतो, म्हणून तीही उघडून पाहा. मात्र हे करण्यापूर्वी प्रोफाइल फोल्डरची, म्हणजे थंडरबर्डची पत्रे आणि सेटिंग्ज ज्यात असतात त्या फोल्डरची, प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. हेल्प मेन्यूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावर तो फोल्डर उघडण्याचे बटण आहे. थंडरबर्ड बंद करून मग प्रत घ्यावी. इतक्या वर्षांची पत्रे असताना ही काळजी टाळू नये.

टपालपेटी

इतका खटाटोप कशासाठी? माजी कार्यवाह सहकार्य करत आहेत, तर त्यांच्या जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’ या भागात ‘सेंड मेल ॲज’ म्हणून वाचनालयाचा पत्ता जोडून घ्यावा. पडताळणीचे पत्र वाचनालयाच्या इनबॉक्समध्ये येईल, त्यातील दुव्यावर टिचकी मारली की काम झाले. थंडरबर्डमध्ये काहीच बदलावे लागणार नाही आणि प्रेषकाचा पत्ता बरोबर दिसू लागेल.

वसुधा_प

टपालपेटी, आपला उपाय तांत्रिकदृष्ट्या चालेल हे मान्य आहे, पण संस्थेच्या दृष्टीने तो चुकीचा आहे असे मला निश्चितपणे वाटते. मी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयाचे काम पाहते. संस्थेचा पत्रव्यवहार एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यातून जात राहिला, तर त्या व्यक्तीने उद्या पासवर्ड बदलला, खाते बंद केले, किंवा दुर्दैवाने तिचे निधन झाले, की त्या क्षणी संस्थेची पाठवणी थांबते. आणि दुसरी बाजूही आहे. सभासदांच्या वर्गणीच्या थकबाकीविषयीची पत्रे एका माजी पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक पेटीत साठत राहणे हे सभासदांच्या दृष्टीने योग्य नाही, आणि त्या सज्जन गृहस्थांच्या दृष्टीनेही नाही.

याच कारणासाठी कार्यवाहांना माझी विनंती आहे की नवा सर्व्हर सुरू झाला की जुना केवळ निवडीतून न काढता यादीतूनच काढून टाकावा. त्यानंतर सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ उघडून जीमेलची उरलेली नोंद पुसावी. माजी कार्यवाहांनीही आपल्या गूगल खात्याच्या सुरक्षा-पानावर जाऊन थंडरबर्डला दिलेली परवानगी मागे घ्यावी. दोन्ही बाजूंनी दार बंद झाले पाहिजे.

टपालपेटी

वसुधाताई, व्यक्तीच्या अनुपस्थितीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. संस्थेसाठी आपला आग्रह योग्य आहे. माझा उपाय एकट्या व्यक्तीला, स्वतःचेच दोन पत्ते एका खात्यातून चालवायचे असतील, तर मात्र उपयोगी पडेल.

वाचनालय_कार्यवाह

सह्यपठार, आपले निदान तंतोतंत खरे निघाले. ड्रॉपडाउनमध्ये जीमेलच होते. प्रोफाइलची प्रत घेऊन आमच्या डोमेनचा सर्व्हर जोडला. आता पत्र पाठवताना पासवर्ड मागितला जातो, पासवर्ड बरोबर दिला तरी सर्व्हर ५३५ क्रमांकाची चूक दाखवून लॉगिन नाकारतो. तोच पासवर्ड टपाल उतरवताना मात्र चालतो.

दर्यावर्दी

मी वास्कोला राहून लहान संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे ही तक्रार माझ्या रोजच्या परिचयाची आहे. ५३५ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड यांपैकी काहीतरी सर्व्हरला पटलेले नाही. पासवर्ड बरोबर असल्याची आपल्याला खात्री आहे, म्हणून युजरनेम पाहा. बहुतेक होस्टिंग सेवांमध्ये एकाच सर्व्हरवर अनेक डोमेन नांदत असतात; त्यामुळे तिथे युजरनेम म्हणून ॲट चिन्हाच्या आधीचा शब्द पुरत नाही, डोमेनसकट संपूर्ण पत्ता लिहावा लागतो. सर्व्हरची माहिती हाताने भरताना नेमका तेवढाच भाग लिहून पुढे जाणे सहज घडते. ‘ऑथेंटिकेशन मेथड’ म्हणून ‘नॉर्मल पासवर्ड’ ठेवा आणि जोडणी सुरक्षित ठेवा: पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल/टीएलएस, ५८७ असेल तर स्टार्टटीएलएस. यांची अदलाबदल झाली तर चूक न दाखवता प्रोग्रॅम नुसता ताटकळत राहतो.

लॉगिन झाल्यावरही एक पाऊल उरते आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या इंटरनेटवरील जाहीर नोंदींत, एसपीएफची नोंद आहे का, ते डोमेन देणाऱ्या सेवेला विचारा. या डोमेनच्या वतीने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, हे त्या नोंदीत जाहीर केलेले असते. डीकेआयएम म्हणजे पत्रावर सर्व्हरने केलेली सही, तीही सुरू करून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोहोंपैकी निदान एक तरी असावे अशी गूगलची अट आहे; दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत न बसणाऱ्या पत्राचे काय करावे याचे डोमेनने जाहीर केलेले धोरण, लागते. आपण त्या मोठ्या गटात येत नाही, पण नव्या डोमेनवर कोणाचाच विश्वास बसलेला नसतो, म्हणून लहान संस्थेनेही एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही करून घ्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर सभेची सूचना सभासदांच्या स्पॅममध्ये जाऊन बसेल, आणि पाठवणाऱ्याला ती पोचली असेच वाटत राहील.

याहू वापरणाऱ्या सभासदांना एक सूचना द्यावीशी वाटते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी डीमार्कचे कडक धोरण लागू केले. तेव्हापासून प्रेषक म्हणून याहूचा पत्ता लिहून पत्र दुसऱ्याच सर्व्हरमधून पाठवले, तर ते धोरण पाळणारे सर्व्हर पत्र नाकारतात. पत्ता आणि पाठवणारा सर्व्हर यांची जोडी जुळलीच पाहिजे. या धाग्यातील मूळ अडचणही शेवटी तीच आहे.

रानजाई

आमच्याकडेही ड्रॉपडाउनमध्ये जुनाच सर्व्हर सापडला. सह्यपठार यांचे आभार.

नोंदवही

दुसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे बंद पडलेले पत्ते सुचवले जाण्याकडे, वळूया. थंडरबर्डमध्ये ‘पर्सनल ॲड्रेस बुक’ आणि ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ अशी दोन पुस्तके असतात. आपण ज्यांना पत्र पाठवतो त्यांचे पत्ते दुसऱ्या पुस्तकात आपोआप जमा होतात, आणि ज्या पत्त्यावर अधिक वेळा पत्र गेले असेल तो सूचनेत वर येतो. सभासदाने पत्ता बदलला तरी अनेक वर्षे वापरलेला जुना पत्ता वरच राहतो, त्याचे कारण हे आहे. ॲड्रेस बुक उघडून ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’मध्ये त्या सभासदाचे नाव शोधा आणि जुनी नोंद पुसा. ‘पर्सनल’ पुस्तकातही एकाच नावाच्या दोन नोंदी नाहीत ना, ते पाहा. पुढे असे साठू नये म्हणून सेटिंग्जमधील ‘कंपोझिशन’ या भागात पत्ते आपोआप जमा करण्याची जी खूण आहे ती काढून टाकावी.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर करतो, कारण मी ज्या कार्यालयात संगणकांची देखभाल करतो तिथे ही तक्रार सर्वांत जास्त येते. आउटलुकच्या जुन्या, म्हणजे क्लासिक स्वरूपात सुचवलेल्या नावाच्या उजवीकडे फुलीचे चिन्ह दिसते. त्यावर टिचकी मारली की ती सूचना जाते. आउटलुक २००७ पर्यंत ही सूचनांची यादी एनके२ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असे आणि ती फाइल पुसणे हा सर्वज्ञात उपाय होता. २०१० पासून ती यादी मेलबॉक्समध्येच ठेवली जाते, त्यामुळे जुने लेख वाचून ती फाइल शोधण्यात वेळ घालवू नये. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर असलेल्या कार्यालयांत एखाद्याचा मेलबॉक्स पुसून त्याच नावाने नवा केला, तर सहकाऱ्यांची पत्रे ५५०-५.१.१ या चुकीसह परत येतात, आणि त्या परतपत्रात आयएमसीईएईएक्स या अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो. डोळ्यांना नाव तेच दिसते, पण सूचनेच्या पोटात जुन्या मेलबॉक्सचा अंतर्गत पत्ता असतो. सूचना काढून नाव यादीतून नव्याने निवडले की प्रश्न सुटतो. प्रशासक नव्या मेलबॉक्सला जुना अंतर्गत पत्ता एक्स५०० प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडून तो सर्वांसाठी एकदमच सोडवू शकतात.

वसुधा_प

पत्ते आपोआप जमा करणे सर्वांनी बंद करावे, याच्याशी मी सहमत नाही. आमच्या कार्यालयात तोच संग्रह अनेकदा कामी आला आहे. पत्रव्यवहार करणारी कर्मचारी बदलली तेव्हा लेखापरीक्षकांचा आणि कंत्राटदारांचा पत्ता तिथेच सापडला. संग्रह चालू ठेवावा आणि वर्षातून एकदा, सभासद नोंदवही अद्ययावत करताना, त्यातील मृत नोंदी काढाव्यात.

नोंदवही

वसुधाताई, ज्या कार्यालयात अशी वार्षिक तपासणी खरोखर होते तिथे आपले म्हणणे योग्य आहे.

अक्षरजुळणी

तिसऱ्या तक्रारीबद्दल, म्हणजे एका पत्त्यामुळे सगळे पत्र अडण्याबद्दल, लिहितो. पत्र पाठवताना सर्व्हरने एखादा प्राप्तकर्ता जागीच नाकारला, तर थंडरबर्ड तिथेच थांबतो आणि ते पत्र कोणालाही जात नाही. त्रासदायक वाटले तरी एका दृष्टीने हे बरे आहे, कारण चूक दाखवणाऱ्या संदेशात तो पत्ता नावासह लिहिलेला असतो. बहुतेक वेळा पत्त्यात दिसेल अशी चूक असते: जीमेलच्या स्पेलिंगमधील अक्षरांची अदलाबदल, शेवटचा एम गळलेला, किंवा टिंबाच्या जागी स्वल्पविराम.

कठीण असतात त्या न दिसणाऱ्या चुका, आणि मराठीत काम करणाऱ्यांकडे त्या अधिक होतात. सभासदांचे पत्ते एक्सेलमध्ये उतरवताना कळफलक मराठीवर राहिला, तर पत्त्यातील अंक देवनागरी पडतात. आपल्या डोळ्यांना २ हा दोनच असतो. सर्व्हरच्या दृष्टीने देवनागरी दोन आणि रोमन दोन ही संपूर्ण वेगळी अक्षरे आहेत. व्हॉट्सॲपवरील संदेशातून किंवा पीडीएफमधून पत्ता उचलून चिकटवला, तर त्याच्या शेवटी न तुटणारी मोकळी जागा येऊ शकते. ‘ऱ्या’सारखी जोडाक्षरे लिहिताना काही कळफलक ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह वापरतात. ते मराठी नावात निर्दोष असते, पण चुकून पत्त्याला चिकटले तर पत्ता बाद होतो. एक्सेलमध्ये लेन हे सूत्र लावून अक्षरसंख्या पाहा. दिसणाऱ्या अक्षरांपेक्षा आकडा मोठा आला, तर त्या पत्त्यात काहीतरी लपलेले आहे. ट्रिम या सूत्राने साधी मोकळी जागा जाते, न तुटणारी जात नाही. तिच्यासाठी सब्स्टिट्यूट वापरून १६० क्रमांकाचे अक्षर काढावे लागते. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे संशयित पत्ता पूर्ण पुसून रोमन कळफलकावर हाताने पुन्हा लिहिणे.

नावाच्या रकान्यातही लक्ष घालावे. ‘आडनाव, नाव’ असे स्वल्पविराम देऊन लिहिलेले असेल आणि ते अवतरणचिन्हांत नसेल, तर थंडरबर्ड स्वल्पविरामाशी तोडून दोन पत्ते समजतो आणि आडनाव हा पत्ता अवैध ठरतो. नवीन आवृत्त्यांत प्रत्येक पत्ता वेगळ्या गोळीसारखा दिसतो आणि अवैध पत्ता लालसर होतो, त्यामुळे पाठवण्यापूर्वी त्या रांगेवरून एकदा नजर फिरवावी. जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल, तर नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे येतील. ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत आणि एक्सेलमधून जतन करताना साधी सीएसव्ही न निवडता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावी, अन्यथा मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात.

राइनकाठ

जर्मनीतून लिहितो आहे. अक्षरजुळणी यांचा प्रतिसाद वाचून एक प्रश्न पडला. २०१४ पासून .भारत हे डोमेन उपलब्ध आहे, तर संपूर्ण देवनागरी ईमेल पत्ताही शक्य असला पाहिजे. तसा पत्ता असलेल्या सभासदाला थंडरबर्डमधून पत्र जाईल का?

अक्षरजुळणी

जाऊ शकते, पण मधल्या प्रत्येक सर्व्हरची तयारी हवी. ॲट चिन्हानंतरचा भाग रोमन संकेतात बदलून पाठवता येतो, म्हणून तिथे फारशी अडचण येत नाही. आधीचा भाग देवनागरी असेल तर सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ८ ही क्षमता लागते. तिचे मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि जीमेलने २०१४ मध्ये अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय केली. थंडरबर्डच्या आवृत्तीला ही क्षमता असली तरी आपल्या सर्व्हरला ती नसेल, तर ॲट चिन्हाआधीच्या भागात रोमनेतर अक्षरे असल्याचे सांगून पत्र थांबवले जाते. माझी मनापासून इच्छा आहे की आपल्या लिपीतील पत्ते रुळावेत. पण आज ज्या सभासदाचा पत्ता देवनागरी असेल त्याच्याकडून एक रोमन पत्ताही मागून ठेवावा.

वाचनालय_कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. युजरनेममध्ये संपूर्ण पत्ता लिहिताच लॉगिन झाले. डोमेन देणाऱ्या सेवेने एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही सुरू करून दिले. चाचणीच्या पत्राचा मूळ मजकूर पुन्हा पाहिला. फ्रॉम आणि रिटर्न-पाथ या दोन्ही ओळींत वाचनालयाचाच पत्ता आहे आणि दोन्ही तपासण्यांपुढे ‘पास’ असे लिहिलेले दिसते. जुना सर्व्हर आणि त्याचा साठवलेला पासवर्ड काढला. माजी कार्यवाहांनीही परवानगी मागे घेतली. सभासदांच्या यादीत देवनागरी अंकांचे आणि लपलेल्या मोकळ्या जागांचे पत्ते खरोखरच सापडले. ग्रंथपालबाईंनी ते सर्व हाताने पुन्हा लिहिले.

आता एकच शंका उरते. गेल्या काही महिन्यांत आमची पत्रे ज्यांना जुन्या पत्त्यावरून गेली, त्यांच्याकडे तोच पत्ता साठलेला आहे. ते त्या जुन्या पत्रांना उत्तर देतील तेव्हा ते पुन्हा माजी कार्यवाहांकडेच जाणार. यावर आमच्या बाजूने काही करता येईल का?

सह्यपठार

सभासदांच्या संगणकात साठलेला पत्ता आपल्याला बदलता येत नाही, म्हणून दोन गोष्टी कराव्यात. सभेच्या सूचनेत पहिल्याच परिच्छेदात नवा पत्ता लिहावा, तो जुन्या पत्त्याच्या जागी ॲड्रेस बुकमध्ये नोंदवण्याची विनंती करावी, आणि हीच विनंती वाचनालयाच्या सूचना फलकावरही लावावी, म्हणजे अचानक नव्या पत्त्यावरून आलेले पत्र कोणाला संशयास्पद वाटणार नाही. दुसरे, माजी कार्यवाहांची तयारी असेल तर त्यांनी जीमेलमध्ये फिल्टर तयार करावा. त्यासाठी फॉरवर्डिंग विभागात वाचनालयाचा पत्ता आधी जोडावा लागेल. जीमेल त्या पत्त्यावर पुष्टीचे पत्र पाठवते, ते आपण मान्य करावे. फिल्टरची अट मात्र नेमकी ठेवावी. विषयात वाचनालयाचे नाव असलेली पत्रेच पुढे यावीत, त्यांची खासगी पत्रे नव्हे.

दर्यावर्दी

यात एक भर घालतो. सूचना एकदम सर्वांना न पाठवता लहान लहान गटांत, पत्ते बीसीसीमध्ये (म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसणार नाही असे) ठेवून पाठवा. डोमेन नवे आहे आणि होस्टिंग सेवांना ताशी किती पत्रे जाऊ द्यायची याची मर्यादा असते. ती आधी विचारून घ्या. पहिल्या गटात कार्यकारिणीचे सदस्य ठेवा आणि पत्र इनबॉक्समध्ये पडले की स्पॅममध्ये, ते त्यांना विचारूनच पुढचा गट सोडा.

वाचनालय_कार्यवाह

तसेच करतो. फिल्टरसाठी माजी कार्यवाहांनी होकार दिला आहे, आणि सूचनेचा पहिला गट उद्या सकाळी ग्रंथपालबाई पाठवणार आहेत.

वसुधा_प

पाठवण्यापूर्वी रिप्लाय-टू हा रकाना रिकामा आहे याची एकदा खात्री करून घ्यावी.

वाचनालय_कार्यवाह

पाहिला, वसुधाताई, दोन्ही आयडेंटिटींमध्ये तो रिकामाच आहे.